पिवळं धुऊन काढताना

नंजनगूड, हुणसूर, चामराजनगरकडून आमच्या म्हैसूरला येणारे अवरोधी काविळीचे रुग्ण बहुतेक उशिराच पोचतात. पित्तनलिकेत खडा अडकलेला असतो, नाहीतर स्वादुपिंडाच्या गाठीने ती दाबलेली. खाजवून अंगावर ओरखडे उमटलेले असतात. रक्त काढल्यावर मी कापूस बराच वेळ दाबून धरते. पित्ताविना के जीवनसत्त्व शोषलं जात नाही, त्यामुळे रक्त लवकर थांबत नाही.

रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमधून बाहेर काढली की वर हळदीच्या पाण्यासारखा प्लाझ्मा दिसतो आणि त्याच्याखाली, फायकॉल या जड द्रावाच्या माथ्यावर, पांढुरकं कडं. फिरकीला ब्रेक लावायचा नाही, नाहीतर ते विस्कटतं. मला हवे असलेले लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, याच कड्यात असतात, आणि त्यांच्यातलं एडीए (अॅडेनोसिन डीअॅमिनेज) हे विकर किती काम करतंय ते मोजायचं असतं.

क्षयाच्या संशयात छातीतल्या पाण्यातलं एडीए सगळेच मोजतात. इथे ते थेट पेशीत का पाहायचं? पित्त आतड्यात उतरेनासं झालं की तिथल्या जंतूंचं एंडोटॉक्सिन रक्तात शिरतं, यकृतातल्या कुप्फर पेशींना ते आवरत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर संसर्गाची धास्ती वाढते. बिलिरुबिन या पिवळ्या रंगद्रव्याचा आकडा यातलं काहीच सांगत नाही. प्रतिकारशक्ती कोलमडलेल्या दोन मुलांच्या रक्तात एडीए नव्हतंच, हे संशोधक एलोइझ गिब्लेट यांनी १९७२ मध्ये दाखवलं; तेव्हापासून लिम्फोसाइटच्या प्रकृतीशी या विकराचं नातं पक्कं झालं.

मोजणी जुनीच. एडीएमुळे अॅडेनोसिनमधून सुटलेला अमोनिया फिनॉल-हायपोक्लोराइटने निळा होतो, तो रंग वाचायचा. कस लागतो तो त्याच्या आधी. कड्यात तांबड्या पेशी राहून चालत नाही, कारण एडीए त्यांच्यातही असतं. त्या फोडायला सर्रास अमोनियम क्लोराइड वापरतात, पण आपण मोजतोय अमोनियाच! म्हणून मी गार पाण्याचा क्षणभर झटका देते, लगेच तीव्र सलाइन घालून क्षार सावरते, मग पेशी धुते. पहिलं पाणी पिवळसर निघतं. नितळ येईपर्यंत पुन्हा धुते.

खड्याचे आणि गाठीचे रुग्ण मी एका रकान्यात बसवत नाही. कर्करोग पेशींवर स्वतःचे वेगळे परिणाम करतो. निरोगी माणसाशी केलेल्या तुलनेपेक्षा मला त्याच रुग्णाचं पित्तनलिकेत स्टेंट घातल्यानंतरचं रक्त जास्त सांगून जातं. बिलिरुबिन तर उतरलं, आता पुन्हा कशाला टोचायचं, असं वॉर्डातून विचारतात. मी तरीही दुसरी नळी मागते. रंग उतरला म्हणजे पेशी सावरल्या, असं मी धरून चालत नाही.