पाण्याखालची पंधरा मिनिटं

रंकाळ्याच्या काठावर भेळ खाण्यापलीकडे पाण्याशी माझा संबंध कधी आला नव्हता. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत मालवणला मी 'स्कूबा'ची बुडी मारणार म्हटल्यावर सासूबाई कळवळल्या, "पोहता येत नाही नि हे काय खूळ? एखादा मोठा मासा गिळेल!"

मी शाळेच्या ग्रंथालयात वाचून ठेवलं होतं. आपल्या अरबी समुद्रात व्हेल शार्क येतो. चाळीस फुटांहूनही अधिक वाढू शकणारा, जगातला सर्वांत मोठा मासा. पण खातो काय, तर पाण्यातले बारीक जीव गाळून! २००१ पासून त्याला कायद्याचं संरक्षणही आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रशिक्षकाचा हात धरून उतरले. श्वास फक्त तोंडानं घ्यायचा. पहिला मिनिटभर जीव घाबरला. मग आपल्याच श्वासाचा आवाज, प्रवाळ, रंगीत मासे! लग्नानंतर प्रथमच इतका वेळ मला कुणाची हाक ऐकू आली नाही. मोठा मासा काही दिसला नाही. काठावर सासूबाई देवाचं नाव घेत उभ्या होत्या. त्यांनीच माझे ओले केस पुसले.

जाणाऱ्या भगिनींनी सर्दी असताना उतरू नये, कान ठणकतात. प्रवाळाला हात लावू नये. त्याच दिवशी घाट चढून कोल्हापूर गाठायची घाई करू नये. उंचीवर हवेचा दाब घटतो आणि रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे त्रास देऊ शकतात. रात्री मालवणातच राहावं. तेवढंच एका रात्रीचं माहेरपण!