एक खांब, दोन संसार

एका ट्रान्समीटरला एक अँटेना, हे मला समजतं. एक नवरा, एक बायको, तसंच ते. पण माझा भाचा रेडिओतला इंजिनियर. तो म्हणतो, "मामा, आता एका शहरातली कितीतरी एफएम स्टेशनं एकाच मनोऱ्यावर, एकाच अँटेनातून बोलतात." कारण काय, तर मनोऱ्यावर जागा नाही आणि लोखंड महाग. म्हणजे जागेची टंचाई लहरींपर्यंत पोचली म्हणायची! आणि हे दुखणं आपलंच नव्हे बरं का. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर १९६५ सालीच असा सामायिक एफएम अँटेना बसला होता.

तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? दोन तारा पिळायच्या आणि वर जोडायच्या. छे! तसं केलं की एकाची शक्ती अँटेनात जायची सोडून दुसऱ्याच्या घरात घुसते. तिथे गाठ पडली, की ९३.५ आणि ९८.३ मेगाहर्ट्झच्या भांडणातून ८८.७ आणि १०३.१ वर भलतेच आवाज उमटतात. जावांचं भांडण आपल्या चुलीवरून, पण ऐकू येतं शेजारच्या वाड्यात. तशातलीच गत.

म्हणून मधे 'कंबायनर' नावाचा कारभारी बसवतात. त्याच्या दोन तऱ्हा. पहिलीत ज्याच्या-त्याच्या वाटेवर पिंपाएवढे धातूचे डबे असतात. त्यांना कॅव्हिटी फिल्टर म्हणतात. प्रत्येक डबा आपल्याच फ्रिक्वेन्सीला वाट देतो, दुसरीला दार बंद. म्हणजे चुली वेगळ्या, दिंडी दरवाजा एक. मात्र दोन फ्रिक्वेन्सींत पुरेसं अंतर हवं. आपल्याकडे एका शहरातल्या स्टेशनांत ८०० किलोहर्ट्झ ठेवतात. फार जवळ आले, की डब्यालाही आपलं-परकं कळेनासं होतं. नात्यांचंही तेच.

दुसरी तऱ्हा 'हायब्रिड'ची. यात दोघं कितीही जवळ असोत, एकमेकांच्या अंगावर जात नाहीत. पण किंमत ऐका. दोघांनी शंभर-शंभर वॉट दिले, तर अँटेनात प्रत्येकाचे पन्नासच पोचतात. उरलेले शंभर चौथ्या तोंडाला लावलेल्या 'डमी लोड'मध्ये जातात. हा डमी लोड काही बोलत नाही, गात नाही. नुसता तापतो.

"आणि तो काढून टाकला तर?" मी विचारलं.

"मग दोघं पुन्हा एकमेकांच्या अंगावर, मामा."

मला एकदम आमची आत्या आठवली. वडील आणि काका एका वाड्यात तीस वर्षं नांदले. गावात कौतुक व्हायचं, भाऊ असावेत तर असे! दोघांच्या मधल्या खोलीत आत्या राहायची. इकडची कुरकुर तिच्याकडे, तिकडची कुरकुर तिच्याकडे. इकडचं तिकडे तिने कधी केलं नाही. रात्री उशिरापर्यंत ओसरीवर पदराने वारा घेत बसायची. आम्हां पोरांना वाटे, म्हातारीला उकडतंय.

ती गेली आणि वर्षाच्या आत वाड्यात भिंत उभी राहिली.

भाचा म्हणतो, दोघांची फ्रिक्वेन्सी एक असेल, ताकद सारखी असेल आणि पावलं नेमकी जुळली असतील, तर डमी लोडकडे काहीच जात नाही. तो थंड राहतो. शास्त्रात असं होतं खरं. यंत्रंच ती, जुळवून घेतात. आपल्या घरांत मात्र अजून कुणीतरी ओसरीवर वारा घेत बसलेलं असतं. जाता-येता त्यांना एकदा विचारावं, फार तापलंय का हो?