दोन मुठी वर

मार्गशीर्ष अमावस्या, हिंगोली. गच्चीवर वहीचं पान दवाने ओलसर झालंय. औंढ्याच्या बाजूला चांगला काळोख आहे.

दुर्बीण घ्यायची हे पक्कं. आधी आठ इंची डॉब्सोनियनवर जीव जडला होता. तेवढ्या पैशात एवढा मोठा आरसा दुसरीकडे मिळत नाही. पण पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, आणि साधा डॉब्सोनियन तिच्यामागे वळत नाही. मृगातल्या तेजोमेघासाठी ३० सेकंद शटर उघडं ठेवलं, की ताऱ्यांच्या रेघा. म्हणून आता सहा इंची न्यूटोनियन: १५० मिलिमीटर आरसा, ७५० मिलिमीटर नाभीय अंतर. उरलेला पैसा सगळा ताऱ्यांमागे वळणाऱ्या विषुववृत्तीय माउंटवर. नळीपेक्षा बैठक महाग, हे घरी पटवणं कठीण. मला मात्र मनापासून पटलंय. कॅमेरा लावल्यावर फोकस होतो ना, हेही आधी विचारायचं. काही नळ्यांत फोकसर पुरेसा आत जात नाही.

आरशांवरून आठवलं, औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे, २०२३ला मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि टोकांना आरसेच, एकेक ४० किलोचा! ते फोटो काढणार नाहीत, अवकाशाची थरथर टिपतील. आपल्या जिल्ह्यात हे होतंय, याने ऊर भरून येतो.

माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा, आणि ध्रुव इथून जेमतेम २० अंशांवर, हात लांब करून दोन मुठी. नेमका कडुलिंबामागे. उद्या गच्चीचा दुसरा कोपरा बघते.