एका नळीत दोन रक्तगट

रक्तपेढीत रक्तगट तपासायला जेल कार्ड वापरतात. त्याच्या बारीक नळ्यांत जेल आणि प्रतिपिंडं असतात. रक्त घालून कार्ड यंत्रात फिरवलं, की एकमेकींना चिकटलेल्या लाल पेशी जेलच्या माथ्यावर अडकतात, सुट्या राहिलेल्या तळाशी जातात. एरवी उत्तर एकच येतं, वर किंवा खाली. पण ए गटाच्या रुग्णाला ओ गटाच्या भावाच्या मूलपेशी दिल्या, की काही काळ त्याच्या एकाच नळीत दोन्हीकडे लाल रेघ दिसते. वरची त्याच्या स्वतःच्या पेशींची. खालची कुणाची, हे सांगायची मात्र घाई करायची नसते, कारण मधल्या काळात त्याला ओ गटाच्या पिशव्याही चढवलेल्या असतात. पिशव्या थांबल्यावर महिने उलटले तरी खालची रेघ टिकली, वरची विरत गेली, की भावाच्या पेशी लाल रक्त बनवू लागल्या असं म्हणता येतं. लाल पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं, त्यामुळे वाट पाहण्यावाचून इलाज नसतो.

माणसाचा रक्तगट असा बदलतो. तरी पूर्ण नाही. शरीरातल्या इतर अनेक पेशींवर ए प्रतिजन राहतोच, म्हणून हा नवा ओ गटाचा माणूस सहसा ए-विरोधी प्रतिपिंडं बनवत नाही. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात तो बसत नाही. त्याला कुठल्या गटाच्या लाल पेशी द्यायच्या आणि कुठल्या गटाच्या प्लेटलेट, हे दर टप्प्यावर नव्यानं ठरवावं लागतं. माझ्या कामाची वर्षं याच प्रश्नांत गेली आणि मला ती फार समाधानाची वाटतात.

या विषयाकडे मला ओढलं ते टोरांटोच्या टिल आणि मॅकुलक यांच्या प्रयोगांनी. किरणोत्सर्गानं मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना त्यांनी दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली, तेव्हा प्लीहेवर गाठी उठल्या. हे १९६१ साली प्रसिद्ध झालं. १९६३ साली बेकर यांच्यासह त्यांनी दाखवलं, की अशी गाठ एकाच पेशीपासून वाढते. एका पेशीतून रक्ताचे नाना प्रकार! अजूनही ते वाचताना अंगावर काटा येतो.

संशोधनाच्या जगात मान मूलपेशींना मिळतो, रक्तपेढीकडे पुरवठा खातं म्हणून पाहिलं जातं. हे मला कधीच पटलं नाही. प्रत्यारोपणाआधीच्या औषधांनी रुग्णाची मज्जा रिकामी होते. नवी रुजेपर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे जातात आणि तेवढे दिवस तो परक्या प्लेटलेटवर तगतो. प्लेटलेट २० ते २४ अंश तापमानात, सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि सहसा ५ दिवसांत संपवाव्या लागतात. त्यातला वेळ तपासण्यांतही जातो. मूलपेशी द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतात. त्यांना रुजायला वेळ देणारी पिशवी आठवडाभरही टिकत नाही.

प्रयोगशाळेत रक्त केव्हा तयार होणार, असं लोक मला विचारतात. २०२२ साली ब्रिटनमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या लाल पेशी स्वयंसेवकांना चाचणीसाठी दिल्या गेल्या. ते मोठं पाऊल होतंच, पण मात्रा होती ५ ते १० मिलिलिटर, आणि त्या पेशी ज्यांच्यापासून वाढवल्या त्या मूलपेशीही रक्तदात्यांच्याच रक्तातून आल्या होत्या.

म्हणून वाचकांना विनंती आहे. मे महिन्यात कॉलेजं बंद होतात, लोक गावी जातात, शिबिरं कमी होतात; प्रत्यारोपणाचे वॉर्ड मात्र चालूच असतात. आपल्या भागातल्या रक्तपेढीत एफेरेसिसनं प्लेटलेट घेतात का, ते विचारा. साधारण तास-दीड तास लागतो, लाल पेशी तुमच्या तुम्हाला परत मिळतात. घेत असतील तर नाव आणि फोन नंबर नोंदवून ठेवा, आणि मे महिन्यात बोलावणं आलं तर जा.