व्हिडिओ समजला, पण विषय?

मित्रांनो, आधी एक प्रश्न. चेंडू सरळ वर फेकला. तो हातातून सुटलाय आणि अजून वर चाललाय. हवेचा विरोध बाजूला ठेवा. त्या क्षणी चेंडूवर बल कुठल्या दिशेला लागतंय?

मनात ‘वर’ असं आलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका, बहुतेकांना तसंच वाटतं. बरोबर उत्तर : फक्त खाली, गुरुत्वाकर्षणाचं.

‘व्हेरिटासियम’ हा यूट्यूब चॅनल चालवणारे डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात पीएचडी करताना विद्यार्थ्यांना असेच व्हिडिओ दाखवले. पहिल्या प्रकारात नीटनेटकं, सोपं स्पष्टीकरण. मुलं म्हणाली, छान आहे, सगळं कळलं. पण २६ पैकी सरासरी गुण ६ वरून जेमतेम ६.३ वर गेले. दुसऱ्या प्रकारात दोघांचा संवाद. एकजण आधी चुकीची समजूत मांडतो, मग दोघं वाद घालत बरोबर उत्तरापर्यंत येतात. मुलं म्हणाली, गोंधळ होतो, डोकं चालवावं लागतं. गुण मात्र ६ वरून ११ वर गेले!

इथेच सगळी गोम आहे. गुळगुळीत व्हिडिओ बघताना आपण मान डोलावतो, आणि डोक्यातली जुनी समजूत जागची हलत नाही. उलट, ती आता पक्की झाली असं वाटतं.

आता आपल्याकडे या. २०२० च्या लॉकडाऊनपासून ऑनलाइन कोर्स अंगवळणी पडलेत, मुलांचे आणि शिक्षकांचेही. ओळखीचे एक गुरुजी परवा हसत सांगत होते, “व्हिडिओ लावला, आवाज बंद केला आणि भाजी आणायला गेलो. परत येऊन प्रश्नमंजुषा सोडवली. प्रमाणपत्र हातात!” मला गुरुजींचा राग नाही आला. व्हिडिओनं त्यांना एकदाही विचारलं नाही की, “बोला गुरुजी, तुम्हाला काय वाटतं?” समोर माणूस असला-नसला तरी व्हिडिओ चालूच राहतो. असा व्हिडिओ विचार कशाला करायला लावेल?

यावर उपाय महागडा नाही. जो व्हिडिओ आहे तोच वापरा, फक्त उत्तर येण्याआधी थांबवा. प्रत्येकानं आपला अंदाज वहीत लिहायचा, कारणासकट. मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालायचा. त्यानंतर पुढचा भाग. आपण कुठे आणि का चुकलो, हे शेवटी एका ओळीत लिहायचं. ऑनलाइन कोर्स असेल तर हेच चर्चेच्या पानावर करता येतं. आणि परीक्षेत ‘व्हिडिओत काय सांगितलं?’ विचारण्यापेक्षा ‘असं झालं नसतं तर?’ असं विचारा. अरविंद गुप्तांचे टाकाऊतून खेळणी बनवण्याचे व्हिडिओ मुलांना का आवडतात? कारण बघून झालं की हात शिवशिवतात.

पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत टीव्ही किती इंची घेतला हे जरूर विचारा. पण त्यासोबत हेही विचारा : व्हिडिओ चालू असताना तो कितीदा थांबवला जातो, आणि थांबल्यावर बोलतं कोण?

तुमच्याकडच्या शाळेत काय चित्र आहे? कमेंटमध्ये लिहा. शिक्षक मित्रांनी तर नक्कीच.