खाजकुइली

निपाणीच्या आमच्या घरामागे ओढ्याकाठच्या कुंपणावर पावसाळ्यात खाजकुइलीचा वेल चढत असे. तिच्या मखमली शेंगांची कुसे मास्तरांच्या खुर्चीवर टाकण्याचे शौर्य आमच्या पिढीतील अनेकांनी गाजविले आहे. आम्ही मात्र त्या शेंगा स्वतःच्याच खिशात ठेवल्या, आणि थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, अंगाला शेण चोळून आम्हांला ओढ्यात उभे केले. हीच वनस्पती पुढे दादांच्या औषधाची नातलग निघेल, हे तेव्हा कोणाला खरे वाटले नसते.

दादांचे अक्षर वळणदार. २०१६ साली, आमच्या नोकरीच्या अखेरच्या काळात, त्यांचे जे पत्र आले त्यात प्रत्येक ओळ ठसठशीत सुरू होऊन शेवटाकडे मुंगीएवढी झाली होती. दादा कागद वाचवू लागले, असे आम्ही घरात हसत म्हणालो. त्या हसण्याची आम्हांला अजून लाज वाटते. पुढे त्यांचा अंगठा व तर्जनी जपमाळ ओढल्यासारखी आपोआप हलू लागली. बेळगावला डॉक्टरांनी कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा आजार, असे निदान केले आणि लेव्होडोपा व कार्बिडोपा यांची एकत्रित गोळी लिहून दिली.

निवृत्तीनंतर वेळ हाती होता. फायलीतले प्रकरण मुळापासून वाचावे तसे आम्ही या गोळीचे प्रकरण वाचले. दुधात आणि डाळीत टायरोसीन नावाचे ॲमिनो आम्ल असते. त्याच्या कड्याला ऑक्सिजन व हायड्रोजनची एक जोडी अधिक लागली की त्याचा लेव्होडोपा होतो. हा एवढासा बदल आपले शरीर स्वतःच करते, आणि खाजकुइलीचे बीही करते. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ साली त्या बियांतून लेव्होडोपा वेगळा काढला. त्याआधी १९१३ मध्ये गुगेनहाइम यांनी तो एका युरोपीय शेंगभाजीतून मिळविला होता. त्यांनी अडीच ग्रॅम स्वतः गिळून पाहिला आणि त्यांना ओकाऱ्या झाल्या. त्याचा खरा उपयोग कळायला १९६१ साल उजाडले. व्हिएन्नात बिर्कमायर व हॉर्निकिविच यांनी तो रुग्णांना शिरेतून दिला आणि जखडलेली माणसे काही तासांपुरती चालू लागली.

मेंदूला हवा असतो डोपामीन. मग तोच का देत नाहीत? येथे आम्हांला कोगनोळीचा नाका आठवतो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये तसाच एक नाका आहे. डोपामीनला तेथून प्रवेश नाही. ॲमिनो आम्लांना मात्र आहे. लेव्होडोपा त्या वेषात पलीकडे जातो आणि तेथे कार्बन डायऑक्साइड टाकून डोपामीन होतो. पण बराचसा माल अलीकडेच फुटतो, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याच सांगाड्यात आणखी फेरफार करून कार्बिडोपा घडविला. तो स्वतः नाका ओलांडत नाही. अलीकडे थांबून ही फूट तेवढी रोखतो. असा कर्मचारी आम्हांला नोकरीत क्वचितच लाभला!

एवढे वाचूनही आमची चूक व्हायची ती झालीच. दादांची सकाळची गोळी काही दिवस लागूच पडेना. वहिनी ती प्रेमाने पेलाभर दुधाबरोबर देत होत्या, आणि पोटात काही असावे म्हणून तसा आग्रह आम्हीच धरला होता. दुधातील प्रथिनांची ॲमिनो आम्लेही आतड्यात व मेंदूच्या नाक्यावर त्याच दारातून आत शिरतात. गर्दी झाली की औषध मागे राहते. डॉक्टरांनी गोळी जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर घ्यायला सांगितली.

मध्यंतरी एका आप्ताने खाजकुइलीचे चूर्ण आणून दिले. आयुर्वेद तिला कपिकच्छू म्हणतो आणि कंपवातात वापरतो, हे खरेच. तिच्यावर आधुनिक चाचण्याही झाल्या आहेत. पण बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण सारखे नसते, आणि चालू गोळीवर त्याची भर पडली तर हिशेब चुकतो. डॉक्टरांनी नको म्हटले. दादा म्हणाले, "अरे, तुला ओढ्यात उभा केला, त्याचा सूड घेतोयस होय?"

आता साडेसहाला गोळी, सातनंतर दूध. आठच्या सुमारास दादा वहीत तारीख घालून चार ओळी लिहितात. चौथी ओळ अजून बारीक होते. आम्ही भिंग घेऊन वाचतो.