'गेले' म्हणायचं कोणी?

वसईच्या गावांत पूर्वी माणूस गेला हे आधी घर ठरवायचं, डॉक्टर नंतर. नाकाशी कापूस धरायचा, कोणी आरसा आणायचं, तळपायाला हात लावून गारवा कुठवर चढलाय ते बघायचं. मग घरातली किंवा आळीतली जाणती म्हातारी 'गेले' म्हणायची. तिने म्हणेपर्यंत हुंदकासुद्धा दाबून ठेवायचा, असा दंडक होता.

या बायकांना शरीर कळायचं. पुढच्या क्षणी त्या डोळे मिटवायच्या, फडक्याच्या पट्टीने हनुवटी बांधायच्या, हातपाय सरळ करायच्या. लहानपणी ते धार्मिक वाटायचं. मृत्यूनंतर ताठरपणा आधी जबड्या-मानेकडे जाणवू लागतो, तोही दोन-चार तासांत, आणि साधारण बारा तासांत सगळं अंग लाकडासारखं होतं, हे पुढे वाचलं तेव्हा त्या पट्टीची घाई समजली.

डॉक्टर यायचे ते स्कूटरवरून. पावसाळ्यात वाडीतल्या पायवाटेने, पँट दुमडून. छातीला नळी लावायची, पापणी उघडून बॅटरी मारायची. खरं तर गरज नसायची. रक्तदाब, बिडी, मुलाशी असलेला अबोला, सगळंच त्यांना ठाऊक. ओटीवर चपला घालता घालता म्हणायचे, "सकाळी कोणालातरी पाठवा, कागद देतो." ख्रिस्ती आळ्यांत तोवर चर्चची घंटा वाजलेली असे. आता व्हॉट्सॲपवर फोटो येतो, खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग.

आज नालासोपाऱ्याच्या सातव्या मजल्यावर कोणी कोसळलं तर लोक १०८ फिरवतात. २०१४ साली महाराष्ट्रात ही सेवा सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी. त्यांतल्या २३३ प्रगत उपकरणांच्या. गाडीत डॉक्टर असतो, बहुधा बीएएमएस झालेला तरुण. महामार्गावरची कोंडी आणि लिफ्टमध्ये न मावणारं स्ट्रेचर यांतून वाट काढत तो वर पोचतो, तेव्हा दारात दहा माणसं आणि दहाही जणांचं एकच म्हणणं: "डॉक्टर, काहीतरी करा."

तो आधी मानेची नाडी बघतो, तीही दहा सेकंदांच्या आत. अंग ताठरलेलं असेल, पाठीकडे रक्त साकळून जांभळे डाग पडले असतील, तर छाती दाबण्यात अर्थ नसतो. तसं काही नसेल तर दाबणं लगेच सुरू. मॉनिटर लावला की नुसतं थरथरणारं हृदय शॉकने ताळ्यावर येण्याची शक्यता असते. सरळ रेघेला शॉक देत नाहीत, सिनेमात काहीही दाखवोत. प्रयत्न थांबवल्यावर मग बुबुळांवर उजेड, श्वासाचा आवाज, हृदयाचे ठोके, आणि पुन्हा ती रेघ. हे काही मिनिटं शांतपणे बघावं लागतं. गर्दीच्या खोलीत ती मिनिटं कोणाला सोसत नाहीत. म्हणून पुष्कळदा गाडी रुग्णालयाकडे निघते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'दाखलपूर्व मृत' छापून येतं.

जुन्या दिवसांविषयी मी हळवा होतो, पण बावखल आठवलं की हळवेपणा ओसरतो. आमच्याकडे वाड्यांतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांना बावखल म्हणतात. त्यात बुडालेलं पोर बाहेर काढलं की उलटं धरायचे, पोट दाबून पाणी काढायचे, पाणी निघालं की आशा वाटायची. आणि गरज असायची ती हवेची. तोंडाने श्वास देऊन छाती दाबली असती तर त्यांतली काही पोरं आज नातवंडं खेळवत असती. जाणत्या म्हातारीचं 'गेले' पिकल्या माणसाबाबतीत बहुधा बरोबर असे. पाण्यातल्या पोराबाबतीत ते घाईचं असू शके. आज अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर कोणाला छाती दाबताना पाहिलं की मला ती घाई आठवते.

तरीही एक गोष्ट त्या रेघेला जमत नाही. रेघ माणूस मेला एवढंच सांगते. कशाने मेला हे दाखल्यावर लिहायला माणूस माहीत असावा लागतो. १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदाही तेच धरून चालतो: शेवटच्या आजारात ज्याने उपचार केले, त्याच डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायचा, तोही फी न घेता. घरी गेलेल्यांसाठी त्याचा नमुना '४ अ'. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर स्कूटरवाले डॉक्टरच असावेत.

आता मधुमेहाचे कागद विरारच्या एका दवाखान्यात, हृदयाचे मिरा रोडला, जुनी फाइल गावी. सही कोणाची? कधीच न पाहिलेल्या रुग्णाचं कारण लिहायला डॉक्टर धजावत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. संशयाला जागा उरली की पोलीस येतात, अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा, मग शवविच्छेदन. अंत्यविधीला गावाहून निघालेले नातेवाईक खानिवड्याच्या टोलनाक्यापर्यंत येऊन ठेपलेले असतात, आणि घरातला मुलगा सोसायटीच्या जिन्यात उभा राहून एकेका शेजाऱ्याला विचारत असतो: "ओळखीचा कोणी डॉक्टर आहे का हो?"